धावून आलेल्या मुलीचं रक्त लगेच तपासू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर मुलींच्या क्रीडा शिबिराचा फोटो होता. सराव आटोपून ट्रॅकवरून थेट आलेल्या मुली, घामानं भिजलेले टी-शर्ट, आणि एका टेबलापाशी रक्त देण्यासाठी रांग. खाली हिमोग्लोबिन तपासणीचं कौतुक करणारी बातमी. आयोजकांचा हेतू चांगला आहे, मुलींची तपासणी व्हायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. पण नाशिकमध्ये मैदानापासून हाकेच्या अंतरावर माझी पॅथॉलॉजी लॅब आहे, धावणाऱ्या मुलींचे रिपोर्ट गेली अनेक वर्षं माझ्या सहीनं बाहेर पडतात, आणि त्या अनुभवावरून मला कळकळीनं सांगायचं आहे: जोरदार सरावानंतर तासाभरात काढलेल्या रक्तावरून कुठल्याही मुलीबद्दल काहीही ठरवू नका. ती तंदुरुस्त आहे असंही नाही, आणि आजारी आहे असंही नाही.

याचं कारण रक्त वाहतं कसं, यात आहे. बाईच्या रक्तात साधारण ३६ ते ४६ टक्के भाग पेशींचा असतो, उरलेला प्लाझ्मा, म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेली प्रथिनं. पेशींचं हे प्रमाण सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टवर पीसीव्ही म्हणून छापलेलं असतं. एकूण रक्त पाण्याच्या चार-पाचपट दाट. पण हा दाटपणा स्थिर नसतो. प्रवाह संथ झाला की लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त जड होतं. प्रवाहाला वेग आला की चळती सुटतात, पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेनं वळतात आणि तेच रक्त हलकं वाहू लागतं. लाल पेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन, तर सगळ्यात बारीक केशवाहिन्या पाच मायक्रॉनच्या आसपास. पेशीला दुमडून आत शिरावं लागतं. म्हणून पेशी किती आहेत याच्या इतकंच त्या किती लवचिक आहेत यालाही महत्त्व आहे, आणि ही दुसरी गोष्ट नेहमीच्या रिपोर्टवर कुठंच दिसत नाही. लाल पेशी नळीत किती वेगानं खाली बसतात हे पाहणारी, आमच्याकडे रोज होणारी ईएसआर तपासणी पेशींच्या या चिकटण्यावरच चालते. स्वीडनचे रॉबिन फेहरेउस यांनी १९२१ साली त्यावर प्रबंध लिहिला. दहा वर्षांनी, लिंडक्विस्ट यांच्यासोबत, त्यांनीच दाखवलं की साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत रक्त अपेक्षेपेक्षा पातळ असल्यासारखं वाहतं. शरीरानं सोय किती बारकाईनं केलेली आहे, याचं मला आजही नवल वाटतं.

आता एखादी मुलगी ४०० मीटरच्या जोरदार रिपीटेशन्स मारते, म्हणजे तेच अंतर पुन्हा पुन्हा धावते, तेव्हा काय होतं ते पाहा. स्नायूंत लॅक्टेट (जोराच्या श्रमात तयार होणारं द्रव्य) साठतं, रक्तदाब वाढतो आणि रक्तवाहिन्यांतलं पाणी स्नायूंकडे ओढलं जातं. काही पाणी घामावाटे जातं. काही मिनिटांतच प्लाझ्मा दहा ते वीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. पेशी तेवढ्याच राहतात, पण त्यांचं प्रमाण वाढतं. प्रथिनंही त्याच हिशेबात वाढतात, त्यामुळे खुद्द प्लाझ्मा दाट होतो. आम्लता वाढल्यामुळे लाल पेशी काहीशा फुगतात आणि ताठरतात. सरावलेल्या खेळाडूत हा ताठरपणा कमी असतो, नवख्या मुलीत जास्त.

एका ८०० मीटर धावणाऱ्या मुलीचं रक्त मी तिच्या आणि तिच्या आईच्या संमतीनं सरावाच्या आधी आणि नंतर घेतलं होतं. आधी हिमोग्लोबिन १२, पीसीव्ही ३६. सराव संपल्यावर दहा मिनिटांत हिमोग्लोबिन १३, पीसीव्ही ३९. आई खूश झाली, "धावल्यानं रक्त वाढलं की मॅडम!" रक्ताचा एक थेंबही वाढला नव्हता. हिमोग्लोबिन आणि पीसीव्हीच्या आधीच्या-नंतरच्या आकड्यांवरून प्लाझ्मा किती घटला हे काढण्याचं सूत्र डिल आणि कॉस्टिल यांनी १९७४ मध्ये दिलं. ते लावलं तर इथं प्लाझ्मा सुमारे १२ टक्के कमी झाला होता. म्हणजे एखाद्या मुलीचं हिमोग्लोबिन खरं ११.५ असेल, तर सरावानंतरच्या रांगेत ते १२.४ दिसू शकतं. बिगरगर्भवती स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची सीमारेषा १२ आहे. शिबिरात ती मुलगी "नॉर्मल" म्हणून पुढं जाते आणि तिचा ॲनिमिया तसाच राहतो.

फक्त हिमोग्लोबिनच फसवतं असं नाही. जोरदार व्यायामानंतर पांढऱ्या पेशी काही तास वाढलेल्या असतात. एका मुलीच्या अशाच रिपोर्टवर त्या सोळा हजार आल्या, आणि ताप नाही, खोकला नाही, तरी तिला अँटिबायोटिक सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी विसाव्यात पुन्हा तपासलं तर आठ हजार. प्लेटलेट वाढतात, स्नायूंतून रक्तात येणारा सीपीके वाढतो, यकृताप्रमाणेच स्नायूंतही असणारा एसजीओटी वाढतो. एसजीओटी वाढलेला पाहून लिव्हरची सोनोग्राफी करून आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. घरच्यांचा खर्च आणि रात्रीची झोप दोन्ही गेलेलं असतं, आणि स्पर्धा आठवड्यावर आलेली असते.

"रक्त घट्ट झालंय" हे ऐकून घाबरणारे पालक बरेच भेटतात, म्हणून हेही स्पष्ट करते की निरोगी, सराव असलेल्या मुलीत ही तात्पुरती दाटी स्वतःहून धोकादायक नाही. धावताना स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. नळीतल्या प्रवाहाचा नियम पॉइझय या फ्रेंच डॉक्टरांनी १८४०च्या दशकात मांडला, तो असा की अडथळा दाटपणाच्या प्रमाणात वाढतो, पण त्रिज्येच्या चौथ्या घातानं कमी होतो. त्यामुळे वाहिनी थोडीशी रुंदावली तरी वाढलेला दाटपणा सहज भरून निघतो. शरीर तापल्यावरही रक्त हलकं वाहतं. खेळाडू मुलींना उगाच "रक्त पातळ व्हायची गोळी" देऊ नका.

पाणी पिऊन, खाऊन, विसावा घेऊन काही तासांत प्लाझ्मा पूर्ववत होतो. एवढ्यावरच तो थांबत नाही. पुढच्या एक-दोन दिवसांत तो मूळ पातळीच्याही वर जातो, आणि महिनोन्महिने नियमित सराव करणाऱ्या मुलीत ही वाढ टिकून राहते. रक्ताचं एकूण आकारमान वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकतं, घाम गाळायला पाणी शिल्लक राहतं. रक्त आता आधीपेक्षा हलकं वाहतं, आणि हिमोग्लोबिनचा आकडा मात्र घसरलेला दिसतो. फ्रान्समध्ये मोंपेलिएचे ज्याँ-फ्रेदेरिक ब्रुन आणि त्यांचे सहकारी यावर वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. व्यायामानंतर लगेच दाट, एक-दोन दिवसांत पातळ, आणि दीर्घकाळात वाहायला सुलभ, असे तीन टप्पे ते मांडतात.

म्हणजे एकाच मुलीचं रक्त रविवारच्या लांब पल्ल्यानंतर लगेच घेतलं तर एक आकडा, मंगळवारी सकाळी घेतलं तर दुसरा. दोन्ही वेळा लॅबचं मशीन बरोबरच असतं. या दुसऱ्या आकड्यावर, ११.८ वगैरे पाहून, "ही ॲनिमिक आहे, हिला कशाला पळवता" असं घरी बसवलेल्या मुलीही मला माहीत आहेत.

पण मग "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून ११.८ सोडून द्यायचं का? आपल्याकडे तरी मुळीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया ॲनिमिक आढळल्या. महाराष्ट्रात हा आकडा ५४.२ टक्के होता, आधीच्या फेरीपेक्षा वाढलेला. मैदानावर येणारी मुलगी याच घरांतून येते. प्लाझ्मा वाढल्यानं आकडा उतरलाय की खरोखर लोह संपलंय, हे ओळखायचं कसं? त्याच सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, बघा. नुसता प्लाझ्मा वाढला असेल तर पेशींचा आकार नेहमीसारखाच राहतो. लोह बराच काळ कमी असेल तर पेशी लहान होत जातात, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) वाढतो. आणि फेरिटिन करा. ते शरीरातला लोहाचा साठा सांगतं आणि हिमोग्लोबिन घसरण्याच्या कितीतरी आधी उतरतं. मात्र फेरिटिनही मोठ्या शर्यतीनंतर किंवा तापात खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा तेही विसाव्याच्या दिवशीच करायचं. लोह कमी असलेल्या पेशी ताठरही असतात. एकूण रक्त पातळ, पण त्यातली प्रत्येक पेशी केशवाहिनीत अडखळत शिरणारी. तेव्हा रक्त पातळ म्हणजे चांगलं, असा सरसकट हिशेब चालत नाही.

धावणाऱ्या मुलीचं लोह जातं कुठं? पाळीत जातं, घामात थोडं जातं, आतड्यांतून थोडं जातं. कडक जमिनीवर पाय आपटून तळपायाच्या वाहिन्यांत पेशी फुटतात तेही आहेच. लांब कूच केल्यावर लघवी लाल झालेल्या जर्मन सैनिकाची नोंद फ्लायशर यांनी १८८१ मध्ये केली होती. शिवाय जोरदार व्यायामानंतर तीन ते सहा तासांनी यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते आतड्यातून लोह आत यायचं दार बंद करतं. पहाटे सराव करणाऱ्या मुलीनं लोहाची गोळी दुपारच्या जेवणासोबत घेतली तर ती बरीचशी वाया जाते. सरावाच्या आधी किंवा संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत, लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्यावी. चहा मात्र तासभर लांब ठेवावा. शाळेतून आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती दप्तरात पडून राहू देऊ नका, एवढंच मुलींच्या आयांना माझं सांगणं.

बाईच्या रक्ताबद्दल आपल्याला कमी माहीत असण्याला इतिहासही आहे. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीच्या लीना राडके यांनी ती २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली. शर्यतीनंतर धावपटू थकून जमिनीवर पडल्या, वर्तमानपत्रांनी ते अवाच्या सवा रंगवलं, आणि बायकांना हे झेपत नाही म्हणून ही शर्यत काढून टाकली. ती परत आली १९६०मध्ये, रोमला. ज्या अंतरासाठी बत्तीस वर्षं दार बंद होतं, तेच ८०० मीटर आज महाराष्ट्र पोलीस भरतीत प्रत्येक मुलगी धावते. व्यायामाच्या शरीरशास्त्रातला बहुतांश अभ्यास पुरुषांवर झाला, आणि पुरुषांचे निकष मुलींना लावले गेले. खरं तर पाळी असलेल्या वयात बाईचं रक्त पुरुषाच्या मानानं हलकं वाहतं. पीसीव्ही कमी असतो, आणि दर महिन्याच्या रक्तस्रावामुळे नव्या, तरुण पेशींचं प्रमाण जास्त असतं. तरुण पेशी अधिक लवचिक असतात. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१०च्या आशियाई स्पर्धेत १० हजार मीटरचं रौप्य आणलं, मोहीच्या ललिता बाबर २०१६ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. आपल्या मातीतल्या मुलींचं रक्त काय करू शकतं याला आणखी पुरावा नको. त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींना निदान आपण धड तपासावं.

आता पाण्याबद्दल, आणि हे मला सगळ्यात जास्त टोचतं. कित्येक मुली सरावाआधी आणि सरावात पाणी पीतच नाहीत. विचारलं तर सुरुवातीला गप्प बसतात, मग हळूच सांगतात, "मॅडम, मैदानावर बाथरूम नाही." किंवा आहे, पण कुलूप आहे, किंवा कुलूप नाही, पण कडीही नाही. पहाटे पाचला घरून निघालेली मुलगी नऊपर्यंत कोरडी राहते. घामानं प्लाझ्मा उतरलेलाच असतो, त्यात वरून भर पडत नाही. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. अशा मुलीला चक्कर आली की अशक्त म्हणून शिक्का बसतो. तिच्या रक्तात जे घडतंय त्याचं निम्मं कारण एका संडासाच्या दारात आहे. ज्या ज्या मैदानावर मुलींचा सराव चालतो तिथं स्वच्छ, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं, आणि ही मागणी मी डॉक्टर म्हणून करते आहे.

याचा अर्थ बाटल्याच्या बाटल्या रिचवायच्या असाही नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम नको तितकं उतरलेलं होतं, आणि शर्यतीत वजन वाढण्याइतकं पाणी पिणं हे त्यामागचं मोठं कारण होतं. तहानेप्रमाणे प्यावं, लांब सरावात लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घ्यावं.

भरतीच्या किंवा स्पर्धेच्या तोंडावर पाळी पुढं ढकलायची गोळी घेणाऱ्या मुली पुष्कळ आहेत, आणि ती गोळी दुकानातून चिठ्ठीशिवाय आणली जाते. बहुतेकींना काही होत नाही. पण ही संप्रेरकाची गोळी आहे. तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेन रक्ताची गुठळी धरण्याची प्रवृत्ती वाढवतं. घरात कुणाला गुठळीचा त्रास झालेला असेल, डोळ्यांपुढं झगमगाट येऊन अर्धशिशी होत असेल, किंवा पाणी न पिता रात्रभर एसटीनं प्रवास करायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप, याला "स्नायू दुखावला" म्हणून मालिश करत बसू नका.

रक्त घ्यायचं कसं, तर आदल्या दिवशी जोरदार सराव नको. सकाळी, पाणी पिऊन, पाय जमिनीला टेकवून निदान दहा मिनिटं खुर्चीत बसल्यावर. उभं राहिल्यानं आणि आडवं झाल्यानंसुद्धा प्लाझ्मा दहा टक्क्यांच्या आसपास हलतो. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीसाठी खेळाडूचं रक्त घेतानाही दहा मिनिटं बसवण्याचा नियम आहे, तो याचसाठी. दंडाला पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळून ठेवायचा नाही, त्यानंही आकडा फुगतो. कागदावर पाळीचा दिवस आणि शेवटचा सराव कधी झाला ते लिहा. पुढची तपासणी त्याच वेळी, त्याच लॅबमध्ये करा. यातल्या कशालाही जादा पैसा लागत नाही.

एक गोष्ट मात्र तपासायची राहूनच जाते, आणि ती जीवावर बेतू शकते. आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांत, तसंच नंदुरबारला, धुळ्याला, गडचिरोलीला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलची वाहक मुलगी, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच तो दोष आलेली, एरवी पूर्ण निरोगी असते, तिचं हिमोग्लोबिनही ठीक असतं. पण ऊन, कमी पाणी, सवय नसताना एकदम जोर, आणि स्नायूंत वाढलेली आम्लता हे सगळं एकत्र आलं तर तिच्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या आणि ताठ होऊन बारीक वाहिन्या अडवू शकतात. अमेरिकेत विद्यापीठीय क्रीडा संघटनेनं एका खेळाडूच्या मृत्यूनंतर २०१० पासून वरच्या श्रेणीच्या खेळाडूंना ही तपासणी लागू केली. तिथल्या सैन्यातल्या सुमारे ४८ हजार सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काळजी घेतलेल्या त्या वातावरणात वाहकांमध्ये मृत्यू जास्त आढळले नाहीत, पण स्नायू विरघळण्याचा धोका जास्त होता. म्हणजे वाहक मुलीला मैदानाबाहेर काढायचं कारण नाही. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, आणि सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. निकाल कोच आणि मुलीच्या घरापलीकडे जाऊ देऊ नका, कारण गावात सिकलसेलच्या कार्डावरून लग्नं मोडतात. आणि कोचसरांना हात जोडून विनंती: अशा मुलीला पहिले काही आठवडे वेग हळूहळू वाढवू द्या, दोन फेऱ्यांमध्ये पुरता विसावा आणि पाणी द्या. ती बोलतेय, स्नायू हाताला कडक लागत नाहीत, पण "सर, पाय उचलत नाहीत" म्हणतेय, तर तो आळस समजू नका. तिला तिथंच थांबवा, सावलीत घ्या आणि गाडी बोलवा.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट, नाशिक
(ज्या मुलींचे दाखले दिले आहेत त्या ओळखल्या जाऊ नयेत, म्हणून नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)